विषय: आईचा अपघात, सही करावी का?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे आलेल्या आईला १८ दिवसांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये झेब्रा क्रॉसिंगवर वळणाऱ्या गाडीने धडक दिली. मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर आहे. गाडीवाल्याच्या इन्शुरन्स कंपनीतून रोज फोन येतो: बोलणं रेकॉर्ड करू द्या, एका फॉर्मवर सही करा, लगेच चेक पाठवतो. आई म्हणते, घे आणि मिटव, परक्या देशात कोर्टकचेरी नको. ती व्हिजिटर व्हिसावर आहे; तिला काही मागायचा हक्क तरी आहे का? शिवाय पोलीस रिपोर्टमध्ये ती फोनवर बोलत होती असं लिहिलंय. वकील परवडेल का, तेही कळत नाही.

---

उत्तर:

भाऊ, आधी आई कशा आहेत ते कळवा. आणि सही अजिबात करू नका.

तो फॉर्म बहुतेक रिलीजचा असणार. सही झाली की पुढे ऑपरेशन लागलं तरी त्या अपघातासाठी काही मागता येत नाही. माझ्या नवऱ्याच्या खांद्याच्या वेळी आम्ही घाईत सही केली. दोन महिन्यांनी एमआरआयमध्ये स्नायू फाटलेला दिसला. तो सगळा खर्च आम्हीच सोसला. ते अजून सलतं, म्हणून इतकं कळकळीने लिहिते आहे.

त्याहून घाईचं म्हणजे न्यूयॉर्कचा नो-फॉल्ट अर्ज. चूक कोणाचीही असो, धडक बसलेल्या पादचाऱ्याचा उपचाराचा खर्च गाडीच्या इन्शुरन्सने द्यायचा असतो, साधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत. पण लेखी अर्ज अपघातापासून ३० दिवसांत जायला हवा. तुमच्या हातात १२ दिवस आहेत. आजच फॉर्म भरा, सर्टिफाइड मेलने पाठवा, पावती जपा.

वेदना आणि त्रासाची भरपाई हा वेगळा दावा. त्यासाठी तिथल्या कायद्यात इजा 'गंभीर' असावी लागते, आणि मोडलेलं हाड त्यात स्पष्टपणे धरलंय. त्या दाव्याला सहसा ३ वर्षं मिळतात. गाडी शहर सरकारची असती तर मात्र ९० दिवसांत नोटीस द्यावी लागली असती. फोनवर बोलण्याची चूक धरली गेली, तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कमी होईल; दावा बुडत नाही. मेरीलँड किंवा व्हर्जिनियात थोडीशी चूकही महागात पडते, म्हणून राज्य कोणतं ते नेहमी आधी बघावं.

व्हिसामुळे हक्क जात नाही. आई परत गेल्या तरी वकील केस चालवू शकतो. अशा केसेसमध्ये वकील आधी पैसे घेत नाहीत, मिळालेल्या रकमेतून साधारण एक तृतीयांश घेतात. केसचा खर्च कोण सोसणार, हरलो तर काय, हे करारात वाचूनच सही करा. समोरच्या कंपनीला रेकॉर्डेड जबाब द्यायचं तुमच्यावर बंधन नाही. "वकिलाशी बोलून कळवतो" एवढंच सांगा.

---

उत्तर:

ताईंच्या लिहिण्यात एक भर. आईंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर त्यांनाही कळवा, पण त्यांनी भरलेली बिलं ते पुढे भरपाईतून परत मागू शकतात, ते ध्यानात ठेवा. शारीरिक इजेच्या भरपाईवर फेडरल इन्कम टॅक्स सहसा लागत नाही. प्लास्टरचे, जखमेचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

---

उत्तर:

ताई, अर्ज आज दुपारी गेला, पावती फाइलला लावली. उद्या वकिलाशी बोलणं आहे. आईने आजपासून कुठे दुखतं, काय करता येत नाही, ते वहीत लिहायला घेतलंय. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून ती सांगते आणि मी लिहितो.