मदत हवी आहे: काटोलजवळची जुनी विहीर, उपसायच्या आधी काय बघू?
मी नागपूरचा. काटोलजवळ आजोबांचं वावर 15 वर्षं पडीक आहे, तिथली विहीर परत सुरू करायचा विचार करून राहिलो. दोरीला दगड बांधून मोजलं, 10 फूट व्यास अन् पाणी 12 फूट, म्हणजे साधारण 26 हजार लिटर. पण वरचं दगडी बांधकाम एका बाजूने पोटासारखं फुगलंय अन् त्याच फटीतून पिंपळाची मुळं आत शिरलीत, त्याचीच जास्त काळजी आहे. आत कोणाला उतरू देत नाही, तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. मोटर लावून उपसतो अन् किती तासात परत भरते ते बघतो म्हटलं, पण पाणी एकदम कमी झालं तर फुगलेली बाजू ढासळेल का? पिंपळ आधी काढू की बांधकाम आधी? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, आजी रोज विचारते विहिरीचं काय झालं.