घरापुरत्या कोंबड्या पाळायच्यात, सल्ला हवाय (पौड, पुणे)

कोथरूडची लेक:
नमस्कार मंडळी. आईबाबा रिटायर झाल्यावर पौडच्या पुढे आमच्या २० गुंठ्यात राहायला गेलेत. घर आहे, विहीर आहे, चार आंबे आहेत आणि आता आईने कोंबड्यांचा ध्यास घेतलाय. तिचं लहानपण आजोळी गेलं, तिथं अंगणभर कोंबड्या असायच्या, सकाळी गरम अंडं हातात घेऊन चुलीपाशी पळत यायची ते अजून सांगते. ८-१० पाळाव्यात असं चाललंय. मी फक्त शनिवार-रविवार जाते, बाकी दिवस दोघंच, आणि बाबांचे गुडघे दुखतात त्यामुळे वाकून झाडलोट जमणार नाही. जात कुठली घ्यावी, पिल्लं आणावीत का मोठ्या आणाव्यात, खुराडं केवढं, आणि कोंबडा लागतोच का? शेजारी वीकेंडचे बंगले आहेत, पहाटे आरवला तर कुरबूर होईल. परवा बाजारात ती गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं होती, आई घ्यायलाच निघालेली, मी थांबवलं. बरोबर केलं ना?

भोरकर:
अगदी बरोबर केलंत. ती पिल्लं बहुतेक लेअर (अंड्यांच्या जातीच्या) हॅचरीतले नर असतात, अंडी देणार नाहीत, लसही झालेली नसते, त्यातली फार थोडी जगतात. माझं एक ऐका, आधी खुराडं आणि मगच कोंबड्या. मी उलटं केलं होतं. पहिल्या वर्षी १४ पिल्लं आणली, सुतार उद्या येतो परवा येतो करत राहिला, म्हणून रात्री ओसरीवर डालग्याखाली झाकून वर पाटा ठेवायचो. पाचव्या रात्री रानमांजराने डालगं सरकवलं. सकाळी ओसरीभर पिसं आणि कोपऱ्यात पोत्यामागे ५ पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली, आवाजसुद्धा करत नव्हती. धाकट्या मुलीने दोन दिवस नीट जेवण केलं नाही. त्यामुळे जाळीवर पैसे वाचवू नका. ती षटकोनी कोंबडी जाळी कोंबडी आत ठेवते पण शत्रूला बाहेर ठेवत नाही, अर्धा इंची वेल्डमेशच (जोड वेल्ड केलेली जाड तारेची जाळी) लावा. बाबांच्या गुडघ्यांसाठी खुराडं कमरेच्या उंचीवर लोखंडी पायांवर घ्या, अंडी काढायचं झाकण बाहेरून ठेवा म्हणजे वाकायला नको आणि घूसही खालून पोखरून आत येणार नाही. दिवसा मोकळ्या फिरणार असतील तर रात्री कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट पुरतात, म्हणजे १० कोंबड्यांना ४ बाय ५ फूट झालं. मुळशीचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, ती बाजू बंद ठेवा. पत्र्यावर उन्हाळ्यात पेंढा पसरा, मे महिन्यात कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, नुसत्या उन्हाने मरतातसुद्धा.

मावळातली:
पहिल्याच वेळी एक दिवसाची पिल्लं नको हो. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची, आणि आपल्याकडे पावसात लाईट गेली की बल्ब बंद, पिल्लं एकावर एक चढून गुदमरतात. लस झालेली महिना-दीड महिन्याची घ्या. अंड्यांसाठी ग्रामप्रिया चांगली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची जात आहे, वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते. गावरान त्याच्या निम्मीसुद्धा देत नाही, पण ग्रामप्रिया सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही आणि गावरान बसते, म्हणून ६ ग्रामप्रिया आणि २ गावरान असं मी सांगेन. अंड्यांना कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. बंगलेवाल्यांचा प्रश्न असेल तर कोंबडा नका ठेवू, जवळच्या गावातून फळाची, म्हणजे जिथं कोंबडा आहे तिथली अंडी आणून खुडकीखाली ठेवा.
आणि ते आईंना नक्की अनुभवू द्या. खुडूक कोंबडी पिसं फुलवून टोपलीत बसते, हात नेला की घशातून खर्र करते आणि चोच मारते, दिवसातून एकदाच उठते, दाणे टिपते, पाणी पिते, राखेत लोळते की परत अंड्यांवर. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा, आत लाल शिरांचं जाळं दिसतं. माझी आई ८० वर्षांची आहे, २१ व्या दिवशी पहाटे टोपलीला कान लावून बसते. कवच फुटायच्या आधीच आतून बारीक चिवचिव येते.

गुरांचा डॉक्टर:
जातीपेक्षा लसीकडे बघा. मानमोडीवर, म्हणजे राणीखेतवर, औषध नाही. हिरवट हगवण, मान पिळवटते, पाय लुळे पडतात आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. त्याची पहिली लस लासोटा, ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब, पुढे बूस्टर, मग आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतच्याच आर-टू-बी लसीचं इंजेक्शन, देवीची लस वेगळी. यातलं काय झालंय ते घेतानाच विचारून लिहून घ्या. लशीची बाटली १००-२०० डोसची येते, त्यामुळे आजूबाजूच्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी करा, सकाळी लवकर, थर्मासमध्ये बर्फ घालून आणा आणि कालवल्यावर एक-दोन तासांत संपवा. या लशी आपल्या औंधच्याच सरकारी संस्थेत बनतात, तालुक्याच्या दवाखान्यात विचारा. पक्ष्यांसाठी खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातही चौकशी करा. नवीन कोंबडी आणली की २-३ आठवडे वेगळी ठेवायची. एकदम जास्त मेल्या तर कुणी काय म्हणेल म्हणून लपवू नका, दवाखान्यात लगेच कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच नवापूरला सापडला होता.

कोथरूडची लेक:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आईला फोनवर वाचून दाखवलं, ती रानमांजराच्या गोष्टीवर गप्पच झाली. खाद्याचं पण सांगा ना, घरातलं उरलेलं चालतं का?

मावळातली:
भात-पोळी चालते पण खारट-तिखट नको, आणि बुरशी आलेला मका तर अजिबात नको, त्याने यकृत जातं. तिकडे इंद्रायणी तांदळाच्या गिरणीतून कणी मिळेल, तूसही तिथूनच आणा, खुराड्यात चार बोटं अंथरा आणि ओलं झालं की काढून आंब्याच्या आळ्यात टाका. पण नुसत्या कणीवर अंडी येत नाहीत हां, निम्म्याहून जास्त लेअरचं तयार खाद्य द्या. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा. माझ्याकडे एकदा तो संपला होता, आठवडाभरात अंडी कातडीसारखी मऊ यायला लागली, एकीने फोडून खाल्लं आणि मग बाकीच्याही शिकल्या, ती खोड मोडायला दोन महिने गेले.

कोथरूडची लेक:
सुताराला माप दिलं, वेल्डमेश आणली, डालगं बुरूड आळीतून घेतलं. पुढच्या रविवारी ८ येतायत. आई विचारतेय की संध्याकाळी त्यांना आत कसं घ्यायचं, मागे धावणं दोघांनाही जमणार नाही.

भोरकर:
धावायचं नाहीच. पहिले ८-१० दिवस खुराड्याबाहेर सोडूच नका, तेच घर हे डोक्यात बसू दे. मग सोडायला लागलात की रोज दिवे लागायच्या आधी डब्यात मूठभर दाणे घेऊन वाजवा, आठवड्यात डबा ओळखतात आणि पळत येतात. आत गेल्या की मोजा, रोज मोजा, आणि कडी बाबांनाच लावू द्या.