निसारचे उड्डाण आणि माळीणची आठवण

डिंभेकाठ (प्रश्न):

मी आंबेगाव तालुक्यात शिक्षक आहे. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक सज्जात बसून मी भारत आणि अमेरिकेने मिळून बनवलेल्या निसार या रडार उपग्रहाचे उड्डाण प्रत्यक्ष पाहिले. सायंकाळी 5 वाजून 40 मिनिटांची वेळ होती. ध्वनिक्षेपकावरची उलटगणती पाचाच्या खाली आली, तेव्हा जीएसएलव्ही रॉकेटच्या बुडाशी जाळ दिसला, मग ते उचलले गेले आणि ते झाडांच्या बरेच वर आल्यानंतर त्याचा गडगडाट आमच्यापर्यंत पोहोचला. तो कानांपेक्षा छातीतच अधिक जाणवला. शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजींनी माझा हात घट्ट धरला होता. मला रडू आले.

पण ती तारीख मनातून जात नव्हती. बरोबर अकरा वर्षांपूर्वी, 30 जुलै 2014 रोजी, आमच्याच तालुक्यातील माळीणवर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली. गावच दिसत नाही, हे बाहेर कळले ते सकाळी तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्यानंतर 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जणांचा शोध लागलाच नाही, आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. जमिनीची सेंटिमीटरभर हालचाल अवकाशातून टिपणारा, सुमारे दीड अब्ज डॉलर खर्चाचा उपग्रह दोन देश मिळून उभारतात, याचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही त्याने पाहिलेले डोंगराखालच्या वाडीला कोण आणि केव्हा सांगणार, हा प्रश्न मी परतीच्या गाडीत रात्रभर उराशी घेऊन बसलो होतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

नकाशाकार, नागपूर:

सर, सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहांच्या नोंदींवरून जमिनीचा अभ्यास, हेच माझे रोजचे काम असल्यामुळे आधी मर्यादा सांगतो. निसार दर 12 दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि आधीच्या व नंतरच्या रडार लहरींतील फरकावरून जमीन किती सरकली हे काढता येते. त्यावरील नासाच्या रडारचा एल बँड, म्हणजे लांब तरंगलांबीच्या लहरी, झाडोऱ्यातून बऱ्यापैकी आत जातो, रडारला ढगांचा अडथळा होत नाही, आणि सह्याद्रीच्या पावसाळ्यात या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. जो उतार महिनोन्महिने हळूहळू खचतो आहे, तो यातून सापडू शकतो. परंतु दोन दिवसांच्या मुसळधार पावसाने भिजून अचानक सुटणारी दरड दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत येऊन जाईल आणि उपग्रहाला ती कोसळल्यानंतरच दिसेल. म्हणून याला धोक्याची घंटा समजू नये. कोणत्या उतारावर आधी लक्ष ठेवायचे हे ठरवण्याचे ते साधन आहे. त्याच्या जोडीला गावाजवळचे पर्जन्यमापक आणि डोंगर पायी फिरून पाहणारा माणूस लागतोच. माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे, मात्र ती वाचून तहसीलदारांच्या टेबलावर मराठीत ठेवणारी माणसे फार थोडी आहेत. माझ्या मते पैसा कमी पडतो तो तिथे.

महानदी:

मी अनेक वर्षे भुवनेश्वरला राहते. 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. वादळ येत असल्याचे उपग्रहांच्या चित्रांत तेव्हाही दिसत होते. 2013 मध्ये फायलिन चक्रीवादळ आले, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा काही दहांतच राहिला. मधल्या चौदा वर्षांत उपग्रह सुधारले हे खरे, पण किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावागावांत स्वयंसेवक तयार झाले आणि म्हातारी माणसे कोणी उचलून न्यायची हे आधीच ठरले. त्यामुळे अवकाशावरचा खर्च वाया जातो असे मी म्हणणार नाही. डोंगराखालच्या वाड्यांसाठी मात्र अशी तयारी अजून झालेली नाही.

पुलिकत:

एक गोष्ट राहून जाते म्हणून लिहितो. श्रीहरिकोट्याच्या जंगलात यानादी आदिवासी राहत होते आणि रॉकेटच्या उड्डाणतळासाठी बेट ताब्यात घेतले गेले, तेव्हा त्यांतील अनेकांना तिथून हलावे लागले. माळीणही आदिवासींचेच गाव. मी स्वतः तिथे दोन उड्डाणे पाहिली आहेत आणि पुन्हाही जाईन. पण ज्यांनी जागा दिली आणि ज्यांच्या घरांवर दरड येते, अशा लोकांच्या पदरात या कार्यक्रमातून काय पडले, हे विचारण्याला कोणी देशद्रोह म्हणू नये.

डिंभेकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नकाशाकार, आपण पायी फिरणाऱ्या माणसाबद्दल लिहिले आहे; गावकऱ्यांनी नेमके काय पाहावे?

नकाशाकार, नागपूर:

उताराच्या माथ्यावर नव्याने पडलेल्या भेगा, अलीकडे कललेली झाडे व खांब, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, घराच्या जोत्याला गेलेला तडा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून दर आठवड्याला अंतर मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. मोठा पाऊस चालू असताना मात्र मोजायला कोणीही वर जाऊ नये. अंतर वाढलेले दिसले तर त्या रात्री घरे रिकामी करावीत.

डिंभेकाठ:

आमच्या शाळेच्या मागच्या उतारावर अशी एक भेग आहे, साधारण वीस पावले लांब. पाऊस उघडला की दोन माणसांना सोबत घेऊन खुंट्या ठोकून येतो. पहिले माप इथेच लिहीन.