लॅब्रेडॉर कुत्री डमी उचलते पण परत आणत नाही

माझी लॅब ५ महिन्यांची आहे, डमी (शिकारीतला पक्षी उचलून आणायच्या सरावासाठी फेकायचा लांबट गोळा) फेकला की सुसाट जाते, उचलतेही, पण मग लांब नेऊन चावत बसते आणि मी मागे धावलो की अजूनच लांब पळते. काय चुकतंय?

> मागे धावू नका हो! तिला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. उलट तुम्हीच तिच्यापासून लांब पळा, खाली बसा, हाक मारा. सुरुवातीला अरुंद पॅसेजमध्ये करा म्हणजे तिला यायला एकच वाट राहते. आणि आल्या आल्या डमी हिसकावू नका प्लीज, आधी पाठ थोपटा, थोडा वेळ तोंडात राहू दे, मग घ्या.

> दात बदलायचं वय आहे, हिरड्या दुखत असतील तर काही दिवस थांबा. रस्सीखेच पूर्ण बंद, नाहीतर पुढे उचललेला पक्षी दातांनी चिरडायची सवय लागू शकते. एका वेळी ३-४ थ्रो बास.

> केशरी डमी असेल तर बदला. गवतात तो आपल्याला उठून दिसतो, कुत्र्याला नाही. पांढरा घ्या.

> पॅसेजमध्ये करून बघितलं, दोनदा थेट हातात आणून दिला!! खूप आभार सगळ्यांचे