मदत हवी आहे: भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सोडायचं म्हणते

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या साखळीची, बँकेत नोकरी करते. कॉम्प्युटरमधलं कामापुरतंच कळतं, म्हणून इथे विचारतेय.

बहिणीची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना हळूच म्हणाली, "मावशी, मी हे सोडून बीएस्सी मॅथ्स करते." पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगमध्ये बॅक लागली होती, आता डेटा स्ट्रक्चर्स (माहिती रचून ठेवायच्या पद्धती) या विषयाची धास्ती. गणितात मात्र हुशार.

खोदून विचारलं तर वेगळंच निघालं. लॅबमध्ये तिघांचा गट. कीबोर्ड कायम मुलांच्या हातात आणि जर्नल हिने लिहायचं, कारण काय तर 'तुझं अक्षर चांगलं'. (अक्षर चांगलं असल्याचा तोटा मी पहिल्यांदाच पाहिला!) पॉइंटर (मेमरीतली जागा दाखवणारा बाणच म्हणे) चुकून प्रोग्रॅम कोसळला की शेजारचा "सरक" म्हणतो आणि स्वतःच दुरुस्त करतो. कुठे चुकलं ते हिला कळतच नाही. ती मुलं आठवी-नववीपासून कोड लिहितात. हिला लॅपटॉप मिळाला बारावीनंतर. कोडिंग क्लब भरतो संध्याकाळी सहाला, तेव्हा हिची बस धरायची घाई.

भावोजींचं एकच, "बीएड कर, शाळेत लागशील." त्यात एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) मुलींसाठीच्या प्रगती शिष्यवृत्तीचे वर्षाला ५०,००० मिळतात, वर्ष गेलं तर तेही बंद.

तिला जबरदस्तीने ठेवायचं नाही मला. पण जमलं नाही म्हणून सोडणं वेगळं, हातच लावू दिला नाही म्हणून सोडणं वेगळं. तुमच्यापैकी ज्या टिकल्या, त्यांनी ही वर्षं कशी काढली? गट बदलून मागावा का? की त्याने उगाच नाव होतं?

फोंड्याची ताई:
मीही जर्नलवालीच होते, आता बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. गट बदलू नका. लॅबच्या मॅडमना सांगून दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड फिरवायचा नियम करून घ्या, सगळ्याच गटांना. म्हणजे हिच्यावर बोट येणार नाही. पॉइंटर आधी कागदावर: चौकोन काढायचे, बाण मारायचे. मग जीडीबी (प्रोग्रॅम थांबवत तपासायचं साधन) लावून एकेक ओळ पुढे सरकायचं, कुठे कोसळतं ते दिसतं.

आणि अनुभवी मुलांशी तुलना नको. अमेरिकेत हार्वी मड कॉलेजने २००६ च्या सुमारास पहिल्या सत्रात आधी कोड लिहिलेले आणि न लिहिलेले यांच्या तुकड्याच वेगळ्या केल्या, भाषाही सोपी, पायथन घेतली. काही वर्षांत तिथल्या संगणकशास्त्रात मुली साधारण १० टक्क्यांवरून ४० वर गेल्या. मुली त्याच वयाच्या, तशाच. बदलला तो वर्ग.

धागाकर्ती:
ताई, खूप आभार. मॅडमना ती सोमवारी भेटणार आहे. काल दुपारभर चौकोन काढत बसली होती. लिस्टमधला नोड (साखळीतला एक चौकोन) काढून टाकताना मागचा बाण पुढे जोडायलाच विसरत होती म्हणे. भावोजींना आम्ही अजून काही बोललेलो नाही.