नाट्यगृहाची पडद्यामागची फेरी: काय पाहावे, काय विचारावे?

प्रश्न

आमच्या शहरातले जुने नाट्यगृह पुढच्या आठवड्यात पडद्यामागून दाखवले जाणार असून मी माझे आणि माझ्या बारा वर्षांच्या भाचीचे नाव नोंदवले आहे. या वास्तूत मी अनेक वर्षे प्रेक्षक म्हणून बसत आलो, पण विंगेपलीकडे कधीही पाऊल टाकलेले नाही. फेरी दीड तासाची आहे. एकामागून एक खोल्या पाहून आम्ही बाहेर पडू आणि प्रयोग प्रत्यक्षात उभा कसा राहतो हे कळायचे राहूनच जाईल, अशी भीती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

मी बरीच वर्षे रंगमंचामागे काम केले आहे, म्हणून आग्रहाने सांगतो: रंगपटात, म्हणजे कलाकारांच्या रंगभूषेच्या खोलीत, कमी वेळ घालवा आणि रंगमंचाच्या मधोमध उभे राहून वर पाहा. पडदे आणि देखावे पूर्णपणे दृष्टीआड उचलता यावेत यासाठी मोठ्या नाट्यगृहांत रंगमंचाच्या वरची पोकळी दर्शनी चौकटीच्या (जिच्यातून प्रेक्षकांना रंगमंच दिसतो तिच्या) उंचीच्या साधारण अडीच पट ठेवतात. प्रेक्षागृहातून या उंचीची कल्पनाच येत नाही.

या पोकळीत आडवे बार टांगलेले असतात. जिथे हाताने चालवायची प्रतिभाराची व्यवस्था आहे, तिथे बारवरच्या देखाव्याइतकीच लोखंडी वजने दोराच्या दुसऱ्या टोकाच्या चौकटीत रचलेली असतात, त्यामुळे शेकडो किलोंचा देखावा एक माणूस हलवू शकतो. मात्र क्रम चुकून चालत नाही. बार खाली असताना आधी देखावा बांधायचा आणि मगच वरच्या सज्जातून वजने चढवायची. देखावा काढताना आधी वजने उतरवायची. हा क्रम उलटला की जड बाजू सुसाट खाली येते आणि दोर कुणाच्याही हाताला आवरत नाही. दोर हाताळणाऱ्या माणसाची भेट झाली, तर हा क्रम त्याच्याच तोंडून ऐका, कारण त्याच्या सांगण्यातली काळजी कुठल्याही माहितीफलकावर सापडणार नाही.

उत्तर २

अग्निरोधक पडदा आहे का, हे अवश्य विचारावे. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात ३० डिसेंबर १९०३ रोजी दुपारच्या प्रयोगात दिव्याच्या ठिणगीने कापडी पडदा पेटला, तेव्हा वरून सोडलेला अग्निरोधक पडदा अर्ध्यातच अडकला. मागचे दार उघडताच आत शिरलेल्या वाऱ्याने ज्वाळा त्याखालून प्रेक्षागृहात लोटल्या आणि ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते नाट्यगृह उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते. म्हणून पडदा आहे एवढ्यावर समाधान न मानता तो शेवटचा कधी उतरवून पाहिला, हेही विचारा, आणि बाहेर पडण्याची दारे भाचीला स्वतः शोधू द्या.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांत आवाजाचा उल्लेख आलेला नाही. परवानगी घेऊन रंगमंचावरून एकदाच टाळी वाजवा आणि ती विरायला किती वेळ लागतो ते ऐका. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी एका व्याख्यानगृहातला घुमारा कमी करण्यासाठी रात्री-रात्री खुर्च्यांच्या गाद्या आणून मोजमापे घेतली. त्यातून हाती आलेले गणित १९०० साली उघडलेल्या बॉस्टनच्या सिम्फनी हॉलच्या रचनेत वापरले गेले. माणसांचे कपडे आणि शरीरेही गाद्यांप्रमाणेच आवाज शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या प्रेक्षागृहात तुम्ही जे ऐकाल ते भरल्या प्रयोगात ऐकू येणार नाही. भाचीला शेवटच्या रांगेत बसवून तुम्ही रंगमंचावरून साध्या आवाजात एक वाक्य म्हणा, नंतर जागा बदला. मला हा अनुभव अख्ख्या फेरीत सर्वांत मोलाचा वाटला.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. वरच्या सज्जापर्यंत लोखंडी शिडीने जावे लागते असे आयोजकांनी कळवले आहे. भाचीला नेणे योग्य ठरेल का?

उत्तर १

तिथे मुलांना परवानगी आहे का, हे आधी विचारा. नसेल तर आग्रह धरू नका. परवानगी असल्यास पायात घट्ट बसणारे बूट हवेत आणि मोबाईल, चष्मा, किल्ल्या असे सुटे काहीही वर नेऊ नये, कारण त्या उंचीवरून पडलेली किल्लीसुद्धा खालच्या माणसाचे डोके फोडू शकते. ती खालीच थांबली तरी बिघडणार नाही. तिला दोरांच्या बाजूला, आखलेल्या रेषेबाहेर उभी करा आणि एक बार वर जाताना वजनांची चौकट खाली येते, ते पाहू द्या.