गोथेनबर्गचं एअरोसियम: आईला नेऊ का?

पुढच्या महिन्यात आईला घेऊन भावाकडे स्वीडनला जातोय. डोंगराच्या पोटातलं ते विमानांचं म्युझियम बघायचंच आहे. आमचं बालपण लोहगावात गेलं, विमानाच्या आवाजाने दूध उतू जायचं! पण आईचे गुडघे दुखतात. चालणं किती?

— ने रे, पण घाई नको. आत जायला उतरता बोगदा आहे. उतरताना काही वाटत नाही, परत चढताना माझ्या सासूबाई तीनदा थांबल्या. एरवी पर्वती चढतात हं त्या! स्वेटर ने, खडकातला गारवा हाडात शिरतो.

पहिलं हँगर दुसऱ्या महायुद्धातलं, पुढे शीतयुद्धात अणुहल्ल्याच्या भीतीने वाढवलं. एकूण सुमारे 22,000 चौरस मीटर, जमिनीखाली तीसेक मीटर. ‘आपल्या पाताळेश्वरासारखंच कोरलंय की,’ सासूबाई म्हणाल्या. फक्त इथे पिंडीच्या जागी साब कंपनीची लढाऊ विमानं!

साबच्या व्हिगेन या लढाऊ विमानापाशी वेळ काढ. पुढचे छोटे पंख आणि शेपटाकडची उलट जोर देणारी झडप नीट बघ. त्यामुळेच ते 500 मीटरच्या रस्त्यावरही उतरायचं. मी तिथेच अर्धा तास. बायको कॅफेत.

— व्हीलचेअर?

— आधी मेल टाकून विचारा. आणि वेळाही बघून घ्या, आमची एक फेरी फुकट गेली.

— थँक्यू. आई म्हणते, पाताळेश्वर फुकट आहे, तिथेच जाऊ.